जुन्या थारला 3 इंचाची लिफ्ट किट बसवावी का? घरी बसवता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2014 ची महिंद्रा थार सीआरडीई (डिझेल जीप) आहे, मोहोळ तालुक्यात शेत आहे, पावसाळ्यात पाणंदीत गाडी पोटावर बसते, म्हणून 3 इंचाची लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणारं किट, घालायची आहे. घरी बसवता येईल का आणि काय बघावं?

मी मेकॅनिक नाही. सोलापुरात एमआयडीसीत यंत्रमागांचं मेंटेनन्स बघतो, त्यामुळे पाना धरायची भीती नाही, एवढंच. गाडी तुमच्यासारखीच आहे आणि लिफ्टच्या नादात करायच्या तेवढ्या चुका तिच्यावर करून झाल्यात. उत्तर जरा लांबेल.

आधी गाडी नेमकी टेकते कुठे ते खाली वाकून बघा. आपल्याकडं ऊसाच्या ट्रॉल्या पाणंदीत दोन खोल चाकोऱ्या पाडतात आणि मधे वरंबा उभा राहतो. चाकं चाकोरीत उतरली की वरंबा गाडीच्या पोटाला लागतो, आणि माझ्या गाडीत तरी सगळ्यात आधी अडतो तो मागच्या डिफरेन्शियलचा गोळा, म्हणजे ॲक्सलच्या मधला गिअरचा फुगीर भाग. लिफ्ट किट हा गोळा एक सूतही वर उचलत नाही. मागचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, अखंड आहे, त्याची जमिनीपासूनची उंची टायर ठरवतं. पाटे (स्प्रिंगच्या वाकवलेल्या पट्ट्या) उंच केले की चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि बॉडी वर जाते, ॲक्सल होता तिथंच राहतो. म्हणजे पैसे घालून गाडी उंच दिसेल, आणि त्याच वरंब्यावर तोच गोळा घासेल. माझ्याबाबतीत हेच झालं. भावाने ट्रॅक्टर लावून गाडी ओढली आणि वर म्हणाला, "उंटावर बसून शेळ्या हाकाय लागलास बे तू."

गोळा उचलायचा तर टायर मोठं हवं. तुमचं मूळ टायर 235/70 आर16, म्हणजे व्यास साधारण 735 मिलिमीटर. 245/75 आर16 घातलं तर व्यास 774 च्या आसपास जातो. फरक 39 मिलिमीटर, पण गोळ्याखाली त्याचा निम्माच मिळतो, जेमतेम पाऊण इंच. ऐकायला कमी वाटतं, वरंब्यावर मात्र कळतं. मग लिफ्ट कशाला? मोठं टायर मडगार्डला न घासता फिरावं म्हणून, आणि बांध चढता-उतरताना बंपर किंवा पोट टेकू नये म्हणून. यासाठी 3 इंच लागत नाहीत. या गाडीला दीड ते दोन इंच पुरे, आणि पुढच्या बाजूला तर दीडच.

पुढचं प्रकरण वेगळं आहे, आणि मी तिथंच फसलो. तुमच्या गाडीला पुढे पाटे नाहीत, टॉर्शन बार आहेत, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे. बारच्या टोकाला ॲडजस्टिंग बोल्ट असतो, तो आवळला की गाडी पुढून वर येते. फुकटात लिफ्ट! मी दोन इंचांच्या वर आवळला. दोन दिवस फार भारी वाटलं. तिसऱ्या दिवशी हिप्परग्याच्या बाजूला कच्च्या रस्त्यावर गेलो तर पुढून ठकठक सुरू. लोक म्हणतात बार आवळला की कडक होतो. बार होता तेवढाच राहतो, पण चाकाला धरणारे आर्म आधीच खाली झुकलेले असतात, आणि चाकाला खड्ड्यात आणखी खाली जायला जागाच उरत नाही. चाक जरा खाली गेलं की आर्म स्टॉपरवर आदळतो. म्हणजे जिथं चाक जमिनीला धरून राहायला हवं, तिथंच ते अधांतरी.

दुसरं म्हणजे या गाडीत पुढचा गोळा चेसीला बांधलेला आहे, तो लिफ्टबरोबर वर जातो. चाक मात्र खालीच. मधल्या शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाकाला कोनातूनही फिरवणाऱ्या सांध्याचा, कोन वाढतो. माझ्या गाडीचं रबरी बूट चार महिन्यांत चिरलं, ग्रीस बाहेर आणि काळी माती आत. वळताना कटकट आवाज यायला लागला तेव्हा जॉइंट गेलेलाच होता. विजापूर वेशीतले आमचे मेकॅनिक चाचा खाली झोपून बघत म्हणाले, "मालक, घोडा उंच केलात, पण त्याचे गुडघे मोडलेत की." बोल्ट मागे सोडून दीड इंचावर आणला, नवा जॉइंट घातला, तेव्हापासून शांत आहे. पुढे खरोखर 3 इंच हवेच असतील तर गोळा खाली घेणारे ब्रॅकेट आणि त्याला जुळणारे बाकीचे भाग लागतात. ते अंगणात करायचं काम नाही.

मागे पाटे आहेत, तिथं तुम्हाला हात घालता येईल. पण त्याआधी एक तपासणी, ती बहुतेक लोक करत नाहीत. गाडी दहा वर्षांहून जुनी, शेतावर खताची पोती वाहिलेली. पाटे बसलेले असणार. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंना मोजा. माझ्या गाडीत मागची डावी बाजू उजवीपेक्षा पाऊण इंच खाली होती. म्हणजे मी ज्याला लिफ्ट म्हणत होतो त्यातली अर्धी तर गाडीची हरवलेली मूळ उंचीच होती. ट्रकचं काम करणाऱ्या कमानपाटेवाल्यांकडं पाटे सोडून पुन्हा कमान मारून घ्या किंवा नवे घाला, दोन्ही बाजू जोडीनेच. यातच तुमचं निम्मं समाधान होईल.

त्यावर आणखी उंची हवी तर जास्त कमानीचे पाटे घालणं हा सरळ रस्ता. एक पाटा वाढवणं स्वस्त, पण रिकामी गाडी टणटण उडते. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारा दुवा) सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत फसवं: शॅकल 2 इंच लांब केला तर उंची 1 इंचच मिळते, शिवाय ॲक्सल कलतो आणि मागचा भाग आडवा डुलतो. ॲक्सल आणि पाट्यांच्या मधे ठोकळा घालतात, तो चालतो, पण एकच आणि पोलादी. एकावर एक दोन ठोकळे किंवा लाकडाचा तुकडा घातलेली गाडी मी पाहिली आहे, तिच्यात बसलो नाही.

आता प्रत्यक्ष काम. आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, यू-बोल्टचे (पाटे ॲक्सलला बांधणारे बोल्ट) नट सहज सुटत नाहीत. जागा पक्की हवी. काळ्या मातीत जॅक उभा करू नका. वरून कितीही वाळलेली दिसली तरी जॅक सावकाश आत जातो. फरशी किंवा काँक्रीटवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावून. घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, चेसीखाली लावायच्या आणि ॲक्सल वेगळ्या जॅकवर तोलायचा, म्हणजे तो हवा तसा वर-खाली करता येतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली झोपायचं नाही.

शॉकअप सोडल्यावर ॲक्सल खाली घेताना एक डोळा ब्रेकच्या रबरी होजवर ठेवा. ॲक्सलचं वजन त्या होजला लटकलं तर आतून फाटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. डिफरेन्शियलचा ब्रीदर पाइप (आतली हवा सोडणारी नळी) आणि हँडब्रेकची केबलही ताणली जात नाही ना बघा. पाटे बसवताना सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात बरोबर बसलं पाहिजे, नाहीतर ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. यू-बोल्ट नवेच. जुने एकदा ताणले गेलेले असतात, पुन्हा आवळले की धरत नाहीत. ते एकाआड एक, कोपऱ्यात समोरासमोर आवळा, टॉर्क पान्याने, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यावर.

शॅकलचे आणि पाट्यांच्या डोळ्यातले बोल्ट गाडी घोड्यांवर असताना फक्त हाताने बसवा. गाडी चाकांवर उतरवा, दोनदा हलवा, मगच पक्के आवळा. गाडी हवेत असताना आवळले तर रबरी बुश पीळ खाऊन बसतात आणि काही महिन्यांत फाटतात. मला हे चाचांनी शिकवलं नाही, फाटलेल्या बुशांनी शिकवलं.

शॉकअप उंचीप्रमाणे लांब हवेत. जुनेच ठेवले तर खड्ड्यात चाक खाली जाताना पाट्याऐवजी शॉकअपच ॲक्सलला धरून ठेवतो आणि मुळातून उपटतो. लिफ्टनंतर साठच्या वर गाडी थरथरायला लागली तर प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या ॲक्सलला ताकद नेणारा दांडा) कोन बिघडलाय असं समजा; पाटे आणि ॲक्सलच्या मधे पोलादी पाचर घालून तो सुधारता येतो. आणि मागच्या ब्रेकला ॲक्सलशी दांडीने जोडलेला लोडचा व्हॉल्व्ह असेल तर तो विसरू नका. चेसी वर गेली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. दांडी नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते. दोन इंचांच्या आत फरक थोडा असतो, पण ब्रेकच्या बाबतीत थोडासुद्धा नको.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट, त्याच दिवशी. मी आठवडाभर टाळली आणि नवी टायरं एका कडेने खाल्ली. हेडलाइटही खाली करून घ्या. कोजागिरीला तुळजापूरच्या रस्त्यावर पायी जाणाऱ्यांची रांग असते, त्यांच्या डोळ्यांत प्रकाश मारत जाणं बरं नव्हे. 500 किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, पाटे बसतात तसे ते ढिले होतात. मोठ्या टायरमुळे स्पीडोमीटर पाचेक टक्के कमी दाखवेल: काटा 80 वर असेल तेव्हा तुम्ही 84 ला असाल. आणि पुणे रोडला ट्रकला ओव्हरटेक करून पटकन आत यायची सवय असेल तर ती सोडा. गाडीचा भार वर गेलेला असतो, पूर्वी जिथं नुसती झुकायची तिथं आता चाक उचलेल.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो, कारण दुकानदार सांगत नाहीत. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड बदलामागे 5,000 रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं, ते वेगळंच. शिवाय तुमच्या गाडीची 15 वर्षं 2029 मध्ये भरतात. तेव्हा आरटीओत गाडी उभी करावी लागेल, म्हणून काढलेला एकही मूळ भाग भंगारात देऊ नका. नुसते बसलेले पाटे कंपनीच्या मूळ मापाला आणले तर यातली कुठलीच कटकट नाही.

आणि लिफ्ट, टायर काहीही केलं तरी ओल्या काळ्या रानात दोन पावलांत टायरच्या खाचा भरतात आणि गुळगुळीत भाकरी फिरावी तसं चाक जागेवर फिरतं. तिथं हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवणं लिफ्टपेक्षा जास्त कामाला येतं. डांबरी रस्त्याला लागायच्या आधी परत भरायची, म्हणून 12 व्होल्टचा छोटा पंप गाडीतच ठेवा. मी तर हल्ली वाफसा आल्याशिवाय रानात गाडी घालतच नाही, पाणंदीच्या तोंडाला लावतो आणि चालत जातो.

चारही चाकांची मापं घेऊन इथंच खाली लिहा, कुठली बाजू किती बसली ते कळेल. गाडी रिकामी, टाकी अर्धी, जमीन सपाट. मग मागे नुसती कमान मारून भागतं का, ते सांगतो.