गोचीड चिकटली तर रॉकेल लावायचं का?

प्रश्न: डॉक्टर, दोडामार्गकडे आमची काजूची बाग आहे. सीझनला बिया गोळा करायला गेलं की पायाला बारीक गोचडी चिकटतातच, घरात कुणी म्हणतं रॉकेल लाव, कुणी म्हणतं काडीचा चटका दे, नेमकं काय करू? माकडतापाची पण भीती वाटते.

उत्तर: रॉकेल नको, आणि चटका तर अजिबातच नको, कातडी भाजेल ती तुमचीच! बारीक चिमट्याने गोचीड अगदी कातडीजवळ, तोंडाशी धरा, न पिळता न चिरडता सरळ वर ओढा, मग जागा साबणाने धुवा. भीती मात्र खरी आहे, माकडताप हा गोचीड चावल्याने होणारा विषाणूचा ताप, तुमच्या भागात २०१६ पासून त्याचे पेशंट सापडलेत, डिसेंबर ते मे जास्त जपायचं. फुल बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, उघड्या अंगाला डीट (किडे दूर ठेवणारं औषध) असलेलं क्रीम, आणि घरी आल्याआल्या आंघोळ करून काखा, जांघा, गुडघ्यामागे नीट बघायचं. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा.

पावसाळ्यानंतरच्या गवतात चिगर, म्हणजे माइट किड्यांची बारीक पिल्लं असतात, ती डोळ्याला जवळजवळ दिसतच नाहीत, त्यांच्या चावण्याने स्क्रब टायफस नावाचा दुसराच ताप होतो. चावल्यावर दहाएक दिवसांनी ताप आणि कुठेतरी न दुखणारी काळी खपली, सिगरेटचा डाग असावा तशी, असं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा, डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक वेळेत सुरू झालं तर छान उतार पडतो. माकडतापावर असं हमखास औषध नाही, म्हणून तिथे तर उशीर नकोच. आणि ताप कुठलाही असो, मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, डॉक्टरांना बागेत जाता हे आधी सांगा.