एमसिस 2 मध्ये बिल्ड केलेला प्रोग्राम डबल क्लिकवर ‘डीएलएल सापडत नाही’ का म्हणतो?

तुमचा प्रोग्राम एमसिस 2 (विंडोजवर प्रोग्राम बिल्ड करायच्या साधनांचा संच) च्या टर्मिनलमध्ये चालतो आणि बाहेर अडतो, म्हणजे कंपाइल झालंय. अडचण डीएलएलची, म्हणजे प्रोग्रामला चालताना लागणाऱ्या वेगळ्या लायब्ररी फाइलची आहे. एररमधलं नाव नीट वाचा.

‘एमसिस-2.0’ दिसत असेल तर शेल (कमांड द्यायची विंडो) चुकलं: स्टार्ट मेनूतलं नुसतं एमसिस उघडून तिथल्या जीसीसी कंपायलरने कंपाइल केलंय. त्याऐवजी एमसिस 2 चंच यूसीआरटी64 हे शेल उघडा, त्याचीच टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधनं) पॅकमनने, म्हणजे एमसिस 2 च्या पॅकेज इन्स्टॉलरने टाका. मग जुनं बिल्ड फोल्डर पूर्ण उडवून कॉन्फिगरच्या पायरीपासून सुरुवात करा. जुन्या ऑब्जेक्ट फाइल्स (आधी कंपाइल झालेले तुकडे) राहिल्या तर मेक हे बिल्ड चालवणारं साधन त्याच पुन्हा जोडायला जातं. सोर्सच्या पाथमध्ये स्पेस नको, बऱ्याच मेकफाइल्स तिथेच मोडतात.

‘लिबएसटीडीसी++-6’ (सी++ ची लायब्ररी) दिसत असेल तर बिल्ड बरोबर आहे. यूसीआरटी64 शेलमध्ये ईएक्सईवर एलडीडी (लागणाऱ्या डीएलएलची यादी दाखवणारी कमांड) चालवा. यादीत यूसीआरटी64 च्या बिन फोल्डरमधल्या जेवढ्या फाइल्स दिसतील तेवढ्या ईएक्सईच्या शेजारी कॉपी करा. विंडोजच्या स्वतःच्या फाइल्सना हात लावायची गरज नाही. आणि कृपया या डीएलएल सिस्टम32 मध्ये टाकू नका. दुसरा एखादा प्रोग्राम तीच चुकीची आवृत्ती उचलतो आणि मग कारण शोधता शोधता दिवस जातो.