नागिणीपुढं आरसा कोणी धरला?

प्रश्न: मी कोल्हापूरला चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इराणी कलावंत बायका जुनी फारसी चित्रं घेऊन, थ्री-डी प्रिंटर आणि एआय वापरून स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोलतात, असं आमचे सर सांगत होते. जुनं चित्र मशीनमध्ये घातल्यानं हक्काचं काय होणार?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर: शंका रास्त आहे. वेलबुट्टी पडद्यावर हलती केली म्हणून कोणाचा हक्क पुढं सरकत नाही, आणि तसली शोभेची कामं ढिगानं आहेत. तू मोरेहशीन अल्लाहयारी बघ. जन्म तेहरानचा, १९८५चा. २००७ पासून अमेरिकेत.

जुन्या हस्तलिखितांतल्या जिन्न आणि राक्षसिणी हुडकून, त्यांची थ्री-डी शिल्पं करून ती त्यांच्या गोष्टी नव्यानं सांगते. त्यातली माझी लाडकी म्हणजे हसणारी नागीण. मूळ चित्र ‘किताब अल-बुल्हान’ या अरबी हस्तलिखितातलं. नागीण शहरात धुमाकूळ घालते, कोणालाच आवरत नाही. शेवटी तिच्यापुढं आरसा धरतात, आणि स्वतःचं रूप बघून ती हसत सुटते ती मरेपर्यंत. बाई स्वतःला बघून मेली की गाव सुटलं! अल्लाहयारीनं २०१८ मध्ये ही गोष्ट ब्राउझरवर मांडली. क्लिक करत जायचं, वाटा फुटत जातात, आणि नागिणीच्या गोष्टीत छळ सोसलेल्या बायकांचे अनुभव मिसळतात. हे एका चौकटीच्या चित्रात कसं बसवणार? म्हणून मशीन.

दुसरं काम, २०२२चं ‘मून-फेस्ड’. काजार घराण्यानं इराणवर १९२५ पर्यंत राज्य केलं. त्यांच्या सुरुवातीच्या काळातल्या तसबिरी बघशील तर गोंधळशील. तोच वाटोळा चेहरा, त्याच जुळलेल्या भुवया. तरुण कोण आणि तरुणी कोण, चटकन कळत नाही. पुढं तर बायकांच्या ओठांवर बारीक मिशीसुद्धा दिसते. एकोणिसाव्या शतकात युरोपशी संबंध वाढले आणि ही सरमिसळ ओसरली, असं इतिहासकार अफसाने नजमाबादी यांचं म्हणणं. अल्लाहयारीनं एआयकडून तसेच, ना बाईचे ना पुरुषाचे, चेहरे पुन्हा काढून घेतले. मला ते जरा गुळगुळीत वाटतात, ब्रशचा खरखरीतपणा त्यांत नाही. पण मुद्दा बिनतोड आहे. इराणमधली तरुणी महसा जिना अमिनी त्याच वर्षी, २०२२ मध्ये, हिजाबच्या नियमावरून पोलिसांनी पकडल्यावर, त्यांच्या ताब्यात असताना कोसळली आणि इस्पितळात गेली. बाईनं कसं दिसावं हे परंपरेचं नाव घेऊन ठरवणाऱ्यांना अल्लाहयारी त्यांच्याच घरातली परंपरा दाखवते.

तुझ्या कॉलेजात थ्री-डी प्रिंटर नसेल तर अडून बसू नकोस. तेहरानच्या शादी गदिरियाननं १९९८च्या सुमारास काजारकालीन पोशाखातल्या बायकांच्या हाती पेप्सीचा डबा नि टेपरेकॉर्डर देऊन फोटो काढले, तेही फक्त कॅमेऱ्यावर. आधी मूळ तसबिरी हातानं उतरवून काढ, पाच-सहा तरी. कुठल्या बाईची गोष्ट तुला पटत नाही ते ठरलं की मग मशीन कुठलं ते बघू.