तलावाकाठच्या शिक्षण केंद्राचा गावाला उपयोग काय?

प्रश्न : आमच्या तलावाकाठी पाणथळ शिक्षण केंद्र बांधायचा विषय ग्रामसभेत आला आहे. पक्षी बघायला बाहेरचे लोक येतील, पण गावाला त्यातून काय मिळणार? पुढे गाळ काढायलाही केंद्रवाले आडवे येतील का?
– एक वाचक, ता. खटाव, जि. सातारा

उत्तर : पर्यटकांच्या पैशांवर हिशेब मांडू नका. पाहुणे पक्षी थंडीपुरते येतात. तेवढ्या चहा-भाकरीवर बचत गट वर्षभर चालत नाही. खरा फायदा म्हणजे तलावाची बारमाही नोंद ठेवणारी माणसं गावातच तयार होतात.

मासे मरतात तेव्हा हे कळतं. उन्हाळ्यात पाणी आटतं आणि रानातून वाहून आलेल्या खतामुळे शेवाळ माजतं. हे शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, पण रात्रभर तोच ओढून घेतं. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात, सकाळी काठाला मेलेले सापडतात आणि ‘कुणीतरी औषध टाकलं’ म्हणून गावात भांडण पेटतं. केंद्रात ऑक्सिजन तपासणीचं किट असेल तर सूर्य उगवायच्या आधी नमुना घ्यावा. बाटली पाण्याखालीच भरून तिथंच झाकण लावायचं. आत बुडबुडा राहिला की आकडा खोटा, जास्त येतो. दुपारचा नमुना इथं कामाचा नाही, कारण उन्हात आकडा चांगलाच दिसतो. लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली घसरण दिसली, की मच्छीमार संस्थेनं खाद्य टाकणं थांबवून मोठा मासा लगेच काढून घ्यावा. शाळेची आठवी-नववीची मुलं शिक्षकांसोबत ही नोंद नीट ठेवू शकतात.

गाळ काढायला हरकत असायचं कारण नाही, फक्त पद्धत सांभाळावी लागते. रोहित (फ्लेमिंगो), शेकाट्या हे पक्षी उथळ पाण्यात उभं राहून खातात. पोकलेननं काठ उभा कापला की त्यांची जागा जाते, शिवाय पाण्यावर येणारी जनावरं घसरून बुडतात. म्हणून खोदाई मध्यभागी करा आणि काठाचा पसरट उतार तसाच ठेवा. मुरूम लागला की थांबा, नाहीतर तळातून पाणी झिरपायला लागतं. काढलेला गाळ हलक्या, मुरमाड रानात टाका. भारी काळ्या रानात टाकला तर निचरा आणखी बिघडतो. गाळ साचू दिला तरी पक्षी टिकत नाहीत, हे मायणीच्या तलावानं आपल्याच तालुक्यात दाखवलं आहे.

इमारत पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर चढतं त्याच्या, वर आणि सांडव्यापासून लांब हवी. शौचालयाचा शोषखड्डा तलावाच्या उताराला नको. तलाव जलसंपदा, वन की जिल्हा परिषदेच्या ताब्यात आहे ते आधी पाहून त्यांची लेखी परवानगी घ्या.

ठराव लिहिताना एक आग्रह धरा. बांधकामाच्या निधीबरोबरच किटमधल्या रसायनांचा दरवर्षीचा खर्च आणि नोंद ठेवणाऱ्याचं मानधन यांची तरतूद त्यात आकड्यासह लिहून घ्या. रसायनांची मुदत संपते, आणि जुन्या रसायनांनी काढलेल्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवू नये.