समुद्रात कयाक चालवायचीय? मग आधी उलटायला शिकू दे तिला

ताई, तुमची लेक बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, तारकर्लीच्या सहलीत तासभर कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी होडी) चालवून आली आणि आता समुद्रातलं कयाकिंग शिकून त्यातच काम करायचं म्हणतेय, तर कोल्हापुरात राहून हे शिकायचं कुठे आणि त्यावर पोट भरतं का, असं तुम्ही विचारलंय. पहिलं सांगते, तिला नाही म्हणू नका.

सहलीत होती ती वर उघड्यावर बसायची कयाक, खाडीत मजेसाठी ठीक. समुद्रात लांब जायची कयाक लांबलचक, अरुंद, कमरेपर्यंत आत बसायचं आणि वरून स्प्रे स्कर्ट (कमरेभोवती घालून बसायची जागा झाकायचं कापड) ताणून लावायचा म्हणजे लाटेचं पाणी आत येत नाही. ही उलटली की डोकं पाण्याखाली. तेव्हा पुढे वाकायचं, स्कर्टचा पुढचा पट्टा चाचपून ओढायचा, हात कमरेशी रेटायचे आणि पॅन्ट काढतो तसे पाय बाहेर काढायचे. मी शिकत होते तेव्हा एकदा तो पट्टा स्कर्टखालीच दबून राहिला होता, निघायच्या आधी सरांनी हात फिरवून बघितलं म्हणून कळलं, तेव्हापासून मी कुणालाही पट्टा दाखवल्याशिवाय पाण्यात सोडत नाही.

म्हणून सुरुवात कोल्हापुरातच करा, स्विमिंग टँकवर. तिचं पोहणं पक्कं होऊ दे, कपडे आणि जॅकेट घालून सुद्धा. मग खाडी, मग समुद्र. कॉलेजच्या स्पर्धांमधलं कयाकिंग वेगळं, ते सपाट पाण्यावर 200, 500, 1000 मीटरचं, त्यात वल्हवणं छान सुधारतं पण भरती-ओहोटी शिकायला मिळत नाही.

कोर्स शोधताना जाहिरातीतले फोटो बघू नका, इन्स्ट्रक्टरकडे अमेरिकन कॅनो असोसिएशन किंवा पॅडल यूके (आधीचं ब्रिटिश कॅनोइंग) यांचं सर्टिफिकेट आहे का ते विचारा, आणि ते समुद्रातल्या कयाकिंगचंच आहे ना हेही. उलटलेल्या माणसाला परत कयाकमध्ये घ्यायला शिकवणार का, हा माझा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. नुसतं वल्हं मारायला शिकवणारे खूप भेटतील.

समुद्र मात्र मच्छीमारांकडून शिकायचा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण (मोठी भरती-ओहोटी), अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती-ओहोटी), नवख्या माणसाने भांगाचेच दिवस धरावेत. आणि हिवाळ्यात सकाळी समुद्र तळ्यासारखा शांत दिसतो ना, तेव्हाच मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, हलकी कयाक अलगद बाहेर जाते आणि परत येताना हात भरून येतात. ओहोटीला खाडीच्या मुखाशी तर जाऊच नये, बाहेर पडणारं पाणी आणि आत येणाऱ्या लाटा तिथे समोरासमोर भिडतात.

आता पोटापाण्याचं. हे काम सीझनचं, पावसाळ्यात बंद (1 जून ते 31 जुलै तर यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते), त्यामुळे डिग्री अर्धवट सोडायची नाही. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथला लाइफसेव्हिंगचा कोर्स तिने सुट्टीत करावा, वॉटर स्पोर्ट्समध्ये कुठेही गेली तरी तो लागतोच. बीएस्सीला बॉटनी किंवा झुऑलॉजी असेल तर खारफुटीतून कयाकने लोकांना फिरवून सगळं समजावून सांगणारी गाइड होता येईल, मला तिच्यासाठी हीच वाट जास्त पटते.

आणि पुढच्या वेळी पाण्यावर जाल तेव्हा तिने लाइफ जॅकेट घालून बकल लावली की खांद्याचे पट्टे तुम्ही स्वतः वर ओढून बघा, जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते तिच्या मापाचं नाही, दुसरं मागा.