मणक्याच्या ऑपरेशनसाठी एफडी मोडायची का?

इचलकरंजीच्या एका किराणा दुकानदारांचा प्रश्न आहे. वय ४७, कमरेतला मणका सरकलाय, औषधं आणि फिजिओथेरपी करून झाली. दोन्ही डॉक्टर स्क्रू-रॉड घालून मणके जोडायला सांगतात. कोल्हापुरात नेहमीच्या मोठ्या छेदाच्या ऑपरेशनचं एस्टिमेट २,९०,००० रुपये, पुण्यात छोट्या छेदातून नळीवाटे करायचं ४,६०,०००. घरातल्या चौघांची मिळून ५ लाखांची फ्लोटर पॉलिसी, सहावं वर्ष चालू, रूमभाड्याची मर्यादा रोज ५,०००. पुण्याच्या काउंटरवर ‘लाखभर खिशातून जातील’ म्हणाले, म्हणून मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडायचं मनात आहे.

दादा, एफडीला हात लावू नका. तो लाख रुपया खोलीपायी जातोय.

तुम्ही पाठवलेल्या एस्टिमेटवर ‘सिंगल एसी, रोज ८,०००’ लिहिलंय. कंपनी वरचे ३,००० कापून थांबत नाही. सर्जनची फी, ओटी (ऑपरेशन थिएटर), भूल, नर्सिंग हे सगळं आठाला पाच, म्हणजे दर आठ रुपयांमागे पाचच, या हिशेबानेच देते. तुमच्या कागदावर हे खर्च २,४६,००० आहेत, त्यातले ९२,२५० कापले जातील. तीन दिवसांच्या खोलीचे आणखी ९,०००. झाले १,०१,२५०. स्क्रू-रॉड, औषधं, तपासण्यांचे १,९०,००० या कात्रीत येत नाहीत. त्याच हॉस्पिटलात ५,०००च्या आतली ट्विन शेअरिंग, म्हणजे दोन पेशंटांची, खोली घेतलीत की ही कपातच होत नाही. मग हातमोजे वगैरे विम्यात न बसणारं किरकोळ तेवढं उरेल.

माझ्या वडिलांच्या वेळी ॲडमिशनच्या खिडकीवर ‘विमा आहे ना, डीलक्स घ्या’ म्हणाले आणि मी हो म्हटलं. डिस्चार्जच्या दिवशी ६८,००० भरावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी खोलीचा दर विचारायला लावतो.

मला जास्त काळजी फ्लोटरची वाटते. पुण्यात कपात न होता ४,६०,०००च्या आसपास विम्यातून गेले तर वर्ष संपेपर्यंत वहिनी आणि मुलांसाठी जेमतेम ४०-५० हजारच उरतात. कोल्हापुरात २,१०,००० उरतील. पॉलिसीत रिस्टोरेशन असेल तर रक्कम परत भरते, पण कशी आणि कोणासाठी, हे शब्दन् शब्द वाचून घ्या.

आता दुकान. ‘पंधरा दिवसांत गल्ल्यावर बसेन’ असं तुम्ही लिहिलंय. छोट्या छेदात पाठीचे स्नायू कमी दुखावतात, रक्त कमी जातं, घरी लवकर सोडतात, पहिले काही आठवडे दुखणंही सहसा कमी असतं. हे खरं आहे. पण आत स्क्रू तेच आणि हाड जुळायचा वेळही तोच, साधारण तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त. वर्ष-दोन वर्षांनी पाहिलं तर दोन्हीकडच्या पेशंटांना आराम जवळपास सारखाच असतो. गल्ल्यावर बसाल कदाचित लवकर. साखरेचं पोतं मात्र डॉक्टर परवानगी देईपर्यंत उचलायचं नाही. चार महिने पोऱ्या ठेवा. १२,००० पगार धरला तर ४८,०००, आणि हा खर्च दोन्हीकडे आहे. त्याची सोय आत्ताच करा.

माझा कल कोल्हापूरकडे आहे, पण एका अटीवर. दोन्ही सर्जनना विचारा: हे ऑपरेशन तुम्ही याच पद्धतीने वर्षाला किती करता, आणि माझ्या एमआरआयमध्ये असं काय आहे की हीच पद्धत हवी? नळीवाटे करायला हात बसायला वेळ लागतो, म्हणून हा प्रश्न संकोच न करता विचारा. तुमच्या वजनामुळे किंवा शुगरमुळे छोटा छेद बरा, असं ठोस कारण मिळालं तर बेलाशक पुण्याला जा, ट्विन शेअरिंगमध्ये. तारीख ठरली की चार-पाच दिवस आधी कॅशलेसची पूर्वमंजुरी घ्या आणि त्या फॉर्मवर खोलीचा प्रकार लिहिलाय का, ते स्वतः बघा.