ड्राफ्टचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी थांबवा

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा 19 वर्षांचा, सहा फूट सात इंच, मिड-मेजर (मधल्या फळीच्या) कॉलेजात फुल स्कॉलरशिपवर बास्केटबॉल खेळतो, पहिलं वर्ष नुकतंच संपलं. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की त्याने एनबीए ड्राफ्टमध्ये (जिथे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात) राहावं की नाव मागे घेऊन अजून एक वर्ष कॉलेज खेळावं. एका मॉक ड्राफ्टमध्ये (अंदाजाच्या यादीत) त्याचं नाव 52 वर आहे, बाकीच्यांत नाहीच. ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) एका मोठ्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे मोठ्या लीगमधल्या, कॉलेजने साडेतीन लाख डॉलर तोंडी कबूल केलेत. एजंट म्हणतो सेकंड राउंड नक्की. ताई लिहितात, "रटगर्स कॉलेजची दोन मुलं पहिल्याच वर्षी एनबीएत गेली ना, मग आमच्याने का नको, आणि सप्टेंबरात पॉलिसीचा दुसरा हप्ता पण आहे."

ताई, तुमच्या पत्रातलं हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. तुमचा प्रश्न ड्राफ्टचा आहे, पण मुलाला ड्राफ्टकडे ढकलतोय तो हा लाइफ इन्शुरन्सचा हप्ता, म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलू.

तुम्ही दिलेला हिशोब परत मांडते. जुलै ते एप्रिल एनआयएलचे (खेळाडूला त्याचं नाव नि चेहरा वापरू देण्याबद्दल मिळणारे) 1 लाख 20 हजार डॉलर आले. 48 हजार आययूएल पॉलिसीत (शेअर बाजाराच्या इंडेक्सला जोडलेल्या लाइफ इन्शुरन्समध्ये) गेले, 22 गाडीत, 20 ट्रेनरला, 16 असेच इकडेतिकडे, आणि खात्यात उरले 14. त्याशिवाय घरावर हेलॉक (घर तारण ठेवून मिळणारं कर्ज) काढून 40 हजार उचललेत, व्याज साडेआठ टक्के, त्यातले 15 लास व्हेगासच्या प्री-ड्राफ्ट ट्रेनिंगला गेले आणि 25 अजून तसेच आहेत. या सगळ्यात टॅक्सचा एक डॉलर नाहीये! तुम्ही लिहिलंय की "तो स्टुडंट आहे, आमचा डिपेंडंट आहे, म्हणून त्याचा रिटर्न भरला नाही, कॉलेजने कापलाच असेल." नाही हो ताई, कोणी काही कापलेलं नाही. एनआयएलचे पैसे 1099 या टॅक्स फॉर्मवर येतात, पगारासारखे नाही, म्हणजे तुमचा मुलगा सरकारच्या लेखी स्वतःचा धंदा करणारा माणूस आहे, आणि अशा माणसाची निव्वळ कमाई वर्षाला 400 डॉलरपर्यंत गेली की रिटर्न भरावाच लागतो, मग तो कोणाचा डिपेंडंट असो वा नसो.

गेल्या कॅलेंडर वर्षातले 60 हजार धरले तर साडेआठ हजाराच्या आसपास नुसता सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स होतो, त्यावर फेडरल इन्कम टॅक्स, राज्याचा वेगळा, आणि स्कॉलरशिपमधला हॉस्टेल नि जेवणाचा भाग पण टॅक्सेबल असतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. सगळं मिळून 15 हजार धरा. या वर्षीच्या चार महिन्यांचे तेवढेच बाजूला काढा. म्हणजे 30 हजार देणं आहे आणि खात्यात 14 आहेत. 15 एप्रिल गेली, रिटर्न न भरल्याचा दंड महिन्याला 5 टक्क्यांनी चढतो, पैसे न भरल्याचा फक्त अर्ध्या टक्क्याने, त्यामुळे पैसे पूर्ण नसले तरी रिटर्न याच आठवड्यात भरून टाका. दिलासा एवढाच की पहिलंच वर्ष आहे, आधी कधी चूक नाही, त्यामुळे फर्स्ट-टाइम अबेटमेंट (पहिल्या चुकीच्या दंडाची माफी) मागता येतं, आणि त्याच्या आदल्या वर्षी त्याचा टॅक्स शून्य होता म्हणून एस्टिमेटेड टॅक्स न भरल्याचा दंड लागू नये. यंदापासून मात्र दर तिमाहीला भरायचाच, पुढची तारीख 15 जून.

आता ती पॉलिसी.

मला राग येतोय आणि तो तुमच्यावर नाही. गणपतीत मंडळात भेटलेले ओळखीचे गृहस्थ, जे नोकरी सांभाळून इन्शुरन्सचं पण करतात, त्यांनी 19 वर्षांच्या, लग्न न झालेल्या, कोणीही अवलंबून नसलेल्या मुलाला वर्षाला 48 हजारांची लाइफ पॉलिसी विकली. तो उद्या नसला तर कोणाचं पोट बंद पडणार आहे? कोणाचंच नाही, मग लाइफ इन्शुरन्स कशासाठी? त्याला खेळाडू म्हणून विमा लागलाच तर तो दुखापतीचा, कायमचं खेळता न येण्याचा, आणि तोही ज्यांचं नाव ड्राफ्टमध्ये खूप वर घेतलं जातं त्यांच्यासाठी. एनसीएएची (कॉलेज खेळांच्या संघटनेची) स्वतःची तशी योजना आहे. तुमच्या मुलाचा तो टप्पा अजून आलेला नाही.

"रिटायरमेंटसाठी टॅक्स-फ्री" असं त्यांनी सांगितलं. दहा वर्षं 48 हजार भरा आणि पंचेचाळिशीपासून दरवर्षी दीड लाख काढा, हा जो कागद तुम्ही पाठवलाय त्यात दरवर्षी न चुकता साडेसहा टक्के धरलेत. बाजार तसा चालत नाही. इंडेक्सला जोडलेलं म्हणतात पण वरच्या बाजूला कॅप (नफ्याला मर्यादा) असते, डिव्हिडंड तुम्हाला मिळत नाही, विम्याचा खर्च आणि बाकी चार्जेस दर महिन्याला आतून कापले जातात. आणि ते टॅक्स-फ्री पैसे म्हणजे पॉलिसीवर काढलेलं कर्ज आहे, त्यालाही व्याज लागतं, मधेच पॉलिसी लॅप्स झाली तर सगळ्या नफ्यावर एकदम टॅक्स येतो. दहा वर्षं 48 हजार भरायला दहा वर्षं तशी कमाई हवी, ती कुठून येणार हे त्या गृहस्थांनी विचारलंच नाही, किंवा विचारलं आणि उत्तर स्वतःच लिहिलं, कारण अर्जात मुलाचं वार्षिक उत्पन्न 5 लाख डॉलर टाकलंय! ताई, ही ओळ तुमच्या नजरेतून सुटली असेल, पण पूर्ण पत्रात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे. त्याने आयुष्यात एवढे कमावलेले नाहीत.

स्टेटमेंटवर अकाउंट व्हॅल्यू 39 हजार आहे आणि सरेंडर व्हॅल्यू 6 हजार. आज सोडली तर 42 हजार गेले, आठ महिन्यांत. यातला मोठा हिस्सा कमिशनमागे जातो, म्हणूनच अशा पॉलिसीत सुरुवातीची बरीच वर्षं सरेंडर चार्ज लावलेला असतो.

काय करायचं ते सांगते. दुसरा हप्ता भरायचा नाही, काहीही झालं तरी. युनिव्हर्सल लाइफमध्ये प्रीमियम लवचिक असतो, एक हप्ता चुकला म्हणून पॉलिसी लगेच मरत नाही, आतल्या पैशातून खर्च निघत राहतो. पॉलिसी मुलाच्या नावावर आहे म्हणून त्यानेच कंपनीला, त्या गृहस्थांना नव्हे, थेट कंपनीला लेखी पत्र पाठवायचं: अर्जात उत्पन्न चुकीचं लिहिलंय, ते मी सांगितलेलं नाही, पॉलिसी रद्द करून पूर्ण प्रीमियम परत करा. खरंच त्याने सांगितलं नसेल तरच हे लिहा, आधी त्याला नीट विचारा, सही त्याची आहे. तीस दिवसांत धड उत्तर आलं नाही तर राज्याच्या इन्शुरन्स खात्याकडे तक्रार. मंडळात वाईटपणा येईल ही भीती मला कळते, आपल्या लोकांत इथे ओळखी जपूनच राहावं लागतं, पण 42 हजार ही तुमच्या मुलाची कमाई आहे, घामाची. कंपनी नाहीच म्हणाली तर शून्य प्रीमियम आणि कमी केलेल्या कव्हरवर इन-फोर्स इलस्ट्रेशन (चालू पॉलिसी पुढे कशी चालेल त्याचा हिशोब) मागवा, गॅरंटीड दराने, आणि मग सरेंडर की तशीच ठेवायची ते ठरवू.

पैशाची जुळवाजुळव अशी. हेलॉकचे न वापरलेले 25 हजार उद्याच परत भरा, व्हेगासचं ट्रेनिंग पुढे चालू ठेवायचं नाही. राहिले हेलॉकचे 15 आणि टॅक्सचे 30, मिळून 45. खात्यातले 14 आणि वाईटात वाईट पॉलिसीचे 6, असे 20 झाले. कमी पडतात 25. तुमच्याकडे 529 मध्ये (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) 55 हजार नुसते पडलेत कारण स्कॉलरशिप मिळाली, आणि तुम्ही लिहिता की "दंड लागतो म्हणून हात लावत नाही." त्या वर्षी मिळालेल्या ट्यूशनच्या टॅक्स-फ्री स्कॉलरशिपइतकी रक्कम काढली तर 10 टक्के दंड माफ असतो, फक्त नफ्याच्या भागावर इन्कम टॅक्स. सीपीएकडून (अकाउंटंटकडून) रक्कम तपासून घ्या आणि 25 हजार काढा. झालं, कर्ज संपलं, टॅक्स संपला, 529 मध्ये 30 उरले आणि सप्टेंबरच्या हप्त्याचं ओझं डोक्यावरून उतरलं.

आता ड्राफ्ट, आणि आता तो किती सोपा वाटतो बघा.

2006 पासून अमेरिकन मुलांना शाळेनंतर एक वर्ष थांबावं लागतं आणि वय 19 लागतं, त्यामुळे "एक वर्ष कॉलेज आणि बाहेर" हा रस्ता सगळ्यांच्या तोंडी झालाय. पण तो रस्ता खरा कोणासाठी आहे? 2025 ला ड्यूकचा कूपर फ्लॅग पहिला गेला, रटगर्सचा डिलन हार्पर दुसरा, एस बेली पाचवा. ही मुलं शाळेत असल्यापासून सगळ्या देशाला माहीत होती. पहिल्या राउंडमधल्या 30 जणांना ठरलेल्या स्केलवर पगार मिळतो, दोन वर्षं गॅरंटीड, अगदी तिसाव्यालाही पहिल्या वर्षी साधारण 27 लाख डॉलर. सेकंड राउंडला असलं काही नाही. तुम्ही रुकी मिनिममचे (नव्या खेळाडूच्या किमान पगाराचे) 12.7 लाख धरून चाललाय, पण पन्नासच्या पुढे निवडल्या जाणाऱ्या मुलांच्या वाट्याला बहुतेक वेळा टू-वे कॉन्ट्रॅक्ट (थोडं एनबीएत, थोडं खालच्या लीगमध्ये खेळायचा करार) येतं, त्याचे 2025-26 चे आकडे 6.36 लाख, आणि ते पूर्ण गॅरंटीड नसतं. त्याच्या खाली जी लीग (एनबीएची दुय्यम लीग), सीझनचे चाळीसेक हजार.

52 हा आकडा मला चांगला आठवतो कारण 2015 ला डॅलसने 52 वर आपल्या पंजाबच्या सतनाम सिंगला घेतलं होतं, किती आनंद झाला होता सगळ्यांना, भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. एनबीएचा एकही रेग्युलर सीझनचा सामना त्याला खेळायला मिळाला नाही. कॅनडाचा सिम भुल्लर कॉलेजची दोन वर्षं खेळून 2014 च्या ड्राफ्टमध्ये उतरला, कोणी घेतलं नाही, पुढे सॅक्रामेंटोकडून तीन सामने. दोघंही सात फुटांहून उंच, म्हणजे नुसत्या उंचीचं पण काही खरं नसतं.

उदार होऊन चारात एक वेळ टू-वे धरू: 6.36 चा चौथा हिस्सा 1.6 लाख. उरलेल्या तीन वेळा जी लीग, त्याचे 30 हजार. झाले 1.9. दुसऱ्या बाजूला 3.5 लाख. वर त्याचं शिक्षण चालू, खेळायला भरपूर मिनिटं, आणि पुढच्या वर्षी ड्राफ्ट आहेच. पर्ड्यूचा झॅक ईडी 2023 ला नाव मागे घेऊन परत गेला, 2024 ला नववा निवडला गेला. तो फ्रेशमन (कॉलेजच्या पहिल्या वर्षाला) नव्हता हे खरं, पण मागे घेतलं म्हणजे संपलं असं नसतं एवढंच मला सांगायचंय. उलट एनबीए कॉन्ट्रॅक्टवर सही झाली की कॉलेजचं दार बंद धरून चाला. बाकी मुलं पण हे गणित करतायत, 2021 ला 353 जणांनी लवकर नाव दिलं होतं, 2025 ला फक्त 106.

तेव्हा नाव मागे घ्या. एनसीएएची मुदत ड्राफ्टच्या बरीच आधी, मे महिन्याच्या शेवटी असते, ती चुकवू नका. अजून वेळ असेल तर एनबीएच्या अंडरग्रॅज्युएट अॅडव्हायजरी कमिटीकडून आलेला अभिप्राय कोचकडून मागून वाचा, एजंटच्या "नक्की"पेक्षा तो कागद खरा.

आणि एजंटने सुचवलेली ती दुसरी गोष्ट, "एक कंपनी आत्ता दीड लाख देते, पुढच्या कमाईच्या 10 टक्क्यांवर." अजिबात नाही. फ्लोरिडाच्या गर्व्हॉन डेक्स्टर या फुटबॉल खेळाडूने 4,36,485 डॉलर घेतले आणि बदल्यात एनएफएलच्या टॅक्सआधीच्या कमाईचे 15 टक्के, 25 वर्षं, लिहून दिले, मग 2023 ला कोर्टात जावं लागलं. हप्ता भरायचा नाही म्हटल्यावर तुम्हाला त्या पैशांची गरजच उरत नाही.

साडेतीन लाख मात्र अजून तोंडीच आहेत हे विसरू नका. लेखी घ्या. त्यातले किती कॉलेज स्वतःच्या रेव्हेन्यू शेअरमधून, म्हणजे खेळांच्या उत्पन्नातल्या वाट्यातून, देणार (2025 च्या हाउस सेटलमेंटनंतर, म्हणजे कोर्टातल्या तडजोडीनंतर, कॉलेजांना ते थेट देता येतं) आणि किती बाहेरच्या कंपन्यांकडून, हे वेगवेगळं लिहून घ्या, कारण बाहेरचे 600 डॉलरवरचे करार आता तपासणीला जातात आणि नाकारलेही जाऊ शकतात. पैसे दर महिन्याला येणार की सीझननंतर, दुखापत झाली तर काय, मधेच सोडलं तर परत द्यावे लागतात का, हे वकिलाला दाखवा, दोन-तीन हजार जातील, जाऊ देत. आलेल्या प्रत्येक चेकमधले 35-40 टक्के त्याच दिवशी वेगळ्या सेव्हिंग्ज खात्यात, तो टॅक्स आहे, त्याला हात लावायचा नाही. गाडी आहे ती राहू द्या, दुसरी नको.

उरलेल्यातून सोलो 401के (स्वतःचा धंदा करणाऱ्याचं निवृत्तीचं खातं) उघडून त्यात जमेल तेवढं, आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसलं तर रॉथ (टॅक्स भरून उरलेल्या पैशांचं निवृत्तीचं खातं). 19 व्या वर्षी एकदाच 7 हजार टाकले आणि साधारण 7 टक्के मिळत गेले तर साठीला लाखावर होतात, कोणाला कमिशन न देता.

अर्जाची पूर्ण कॉपी कंपनीकडून मागवलीत की ती पाठवा, उत्पन्नाच्या रकान्याशिवाय नेट वर्थचा रकाना पण मला बघायचाय.